वाफ्यातून खुर्चीत

कृषी विद्यापीठात रब्बी ज्वारीचा पैदासकार म्हणून नोकरीला लागलो, सहयोगी अधिष्ठाता झालो आणि संचालक म्हणून निवृत्त झालो. खुर्चीत नव्याने बसलेले विचारतात, काय लक्षात ठेवू? त्यांच्यासाठी हे.

१. आधी पेरणीची तारीख बघा, मग फाइलवरची. ज्वारीच्या एकेका फुलातले तीन परागकोष संध्याकाळी चिमट्याने काढायचे, कणसाला कागदी पिशवी चढवायची, फूल उमललं की सकाळी दुसऱ्या वाणाचे परागकण टाकायचे. पुढे सहा-सात पिढ्या निवड, मग ठिकठिकाणच्या चाचण्या, शेवटी जॉइंट ॲग्रेस्कोची, म्हणजे राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीची मान्यता. दशक सहज जातं. यात मजुरीच्या मंजुरीचा कागद पंधरा दिवस टेबलावर राहिला, तर नुकसान पंधरा दिवसांचं नसतं. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. पुढे ओल खाली जाते. त्या वर्षीची चाचणी गेलीच. म्हणून ऑगस्टात बियाणं, खत आणि मजुरीच्या सह्या आधी. सत्कार-समित्यांचं काही अडत नाही.

२. शेतकरी ‘नको’ म्हणाला की का ते विचारा. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला आणि खरिपात संकरित ज्वारी रुजली. रब्बीत मात्र मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ पुढेही टिकून राहिली. शेतकरी अडाणी म्हणून? छे! त्याला भाकरीला गोड, टपोरा, मोत्यासारखा दाणा हवा होता आणि दावणीला कडबा. आम्ही क्विंटल मोजत होतो, तो पेंढ्या. ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहणारी आपली मुलं हेच वहीत लिहून आणतात. त्या वह्या गुण देऊन कपाटात जातात. खरिपाच्या बैठकीआधी त्यातल्या दहा तरी पैदासकारांना वाचायला लावा.

३. बढतीच्या तक्त्यात शोधनिबंध पटापट भरतात, वाण भरत नाही. मग तरुण माणूस दहा वर्षांचं काम कशाला हाती घेईल? वाणाला भरघोस गुण हवेत, हे माझं ठाम मत.

४. प्रक्षेत्रावरच्या मजुरांचा पगार वेळेवर. लवकर पक्व होणाऱ्या ओळींवर पाखरं पहिली तुटून पडतात. ती हाकणारा माणूस त्या दिवशी आला नाही, तर आकडेवारी कितीही देखणी दिसो, खोटीच.

५. पद मिळालं तरी प्रकल्प स्वतःच्या नावावर ठेवायची आपल्याकडे रीत आहे. मला ती मुळीच पटत नाही. बैठकांतून वेळ काढून कणसं निवडता येत नाहीत. ज्याला रोज वाफ्यात जाता येतं त्यानेच ती निवडावीत. तेव्हा रुजू होताच नोंदवह्या, बियाण्याचा साठा आणि प्रकल्पाचं नाव कनिष्ठ सहकाऱ्याच्या हवाली करा. तेही सप्टेंबरच्या आत.