छागल शिवणारे हात

जुम्याच्या नमाजनंतर एका वडिलांनी विचारले, “मौलाना, मुलगा नमाजी आहे, शिकलेला आहे, पण त्याचे आजोबा छागली शिवत. आमच्यात हे चालेल का?” ‘हराम आहे का’ असे त्यांनी विचारले नव्हते, हे ध्यानात घ्या.

आपल्या बीडची छागल एके काळी प्रसिद्ध होती. चामड्याच्या या पिशवीतून पाणी किंचित पाझरते, वाऱ्याने सुकते आणि आतले गार राहते. बीडची गुप्तीही नावाजलेली. मात्र गुप्ती घडविणाऱ्याला कुणी हलका म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही!

मोरोक्को पाहा. दौलताबादेपर्यंत आलेला इब्न बतूता याच देशाचा. तेथील फास शहरात करवियीन ही विद्येसाठी विख्यात मशीद आहे आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर कातडी कमावण्याचे हौद आहेत. चुना आणि कबुतरांची विष्ठा मिसळलेल्या पाण्यात कातडी मुरतात. कारागीर त्यात उभे राहून ती तुडवतात. दुर्गंधी असह्य असते, पण ग्रंथांच्या बांधणीसाठी जगाने वाखाणलेले चामडे याच देशाचे.

हजरत मैमूना (रजि.) यांच्या मुक्त दासीला सदक्यात मिळालेली बकरी मेली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिचे कातडे कमावून वापरण्यास सुचविले, निषिद्ध आहे ते खाणे. आपल्या हनफी मतानुसार डुकराचे वगळता कमावलेले कातडे पाक होते. मोरोक्कोचे मालिकी विद्वान मेलेल्या जनावराच्या कातड्याबाबत अधिक सावध. कोरड्या वस्तू आणि पाणी यांपुरतीच ते मुभा देतात. म्हणजे छागल त्यांनाही चालते.

राहिला घराण्याचा प्रश्न. फिकहच्या ग्रंथांत कुफूच्या चर्चेत पेशाचा उल्लेख येतो, हे मी लपविणार नाही. परंतु तो विचार त्या त्या काळच्या लोकरूढीवर आधारलेला आहे. मुलगी आणि वली दोघे राजी असतील तर निकाहला कोणतीही बाधा नाही.

आणि उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्त जहश (रजि.) कोण होत्या? अब्दुल मुत्तलिब यांची नात. त्या स्वतः कातडी कमावीत, शिवीत आणि मिळकत सदका करीत. आपल्यानंतर सर्वांत लांब हाताची पत्नी आपल्याला प्रथम भेटेल, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, तेव्हा साऱ्या पत्नी हात मोजू लागल्या. जैनब (रजि.) ठेंगण्या होत्या. हिजरी 20 मध्ये प्रथम त्यांचेच निधन झाले, तेव्हा लांब हाताचा अर्थ उमगला.

त्या वडिलांना मी हे सारे सांगितले. मुलाचा स्वभाव कसा, डोक्यावर कर्ज किती, महर काय ठरणार, हे त्यांनी अद्याप विचारलेच नव्हते.