वरचा दोरा आणि खालचा दोरा

हाताने गोधडी शिवताना सुई एक आणि दोराही एकच. धावदोरा घालीत गेले की काम झाले. यंत्राचे तसे नाही. यंत्राला दोन दोरे लागतात. एक वरच्या रिळाचा. तो सुईतून येतो. दुसरा खालच्या बॉबिनचा. सुई खाली गेली की हे दोन दोरे एकमेकांत अडकतात. प्रत्येक टाक्याला त्यांचा पेच पडतो. हा पेच कापडाच्या जाडीत, मधोमध लपला पाहिजे. मग टीप दोन्ही अंगांनी सारखी दिसते. अशा टाक्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील एलायस हौ याने १८४६ साली घेतले. आज तिकडे रजयांसाठी लांब हाताची मोठी यंत्रे आहेत. तिथे रजई चौकटीवर ताणलेली असते आणि यंत्रच तिच्यावरून फिरते. पण टाका हाच.

आता अडचण पाहू. गोधडी वरून छान दिसते. उलटून पाहावी, तो खाली दोऱ्याचे नुसते फासे! अशी टीप एका टोकाला ओढली की सर्रकन उसवते. गिऱ्हाईक गोधडी परत आणून टाकते. मजुरी तर जातेच, शिवाय नाव जाते.

मग आपण काय करतो? बिघाड खाली दिसला, म्हणून खालच्या बॉबिनचा स्क्रू पिळतो. तसे करू नका. फासे खाली दिसले, तर दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. रस्सीखेच पाहिली आहे ना? ज्याचा जोर जास्त, त्याच्याकडे दोर जातो. वरचा दोरा सैल पडला, की खालचा त्याला आपल्याकडे ओढून घेतो. याच्या उलट, खालच्या दोऱ्याचे ठिपके वर दिसले, तर वरचा दोरा फार ताणलेला आहे, नाहीतर खालचा सैल आहे.

ओळखायला एक युक्ती आहे. वर लाल दोरा लावा, खाली पांढरा. गोधडीला जितके थर, तितक्याच थरांचा तुकडा घ्या आणि टीप मारा. एकेरी कापडावर पाहून उपयोग नाही. खाली लाल दिसला, तर वर पाहा.

पण स्क्रूला लगेच हात लावायचा नाही. आधी वरचा दोरा सगळा काढून पुन्हा ओवा. ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला हवा. कशासाठी? वरचा दोरा दोन गोल चकत्यांमधून जातो. चकत्या त्याला चिमटीत धरतात. त्यालाच ताण म्हणतात. पाय खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत शिरत नाही. पाय उचलला की त्या सैल होतात. ओवून झाल्यावर पाय खाली करा आणि दोरा ओढून पाहा. तो अडून अडून यायला हवा. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

नाही मिटली, तर साफसफाई करा. जुन्या लुगड्यांची पिंज फार. ती चकत्यांत आणि बॉबिनच्या डबीत बसते. बारीक कुंचल्याने काढा. तोंडाने फुंकू नका, वाफेने लोखंड गंजते. सुईही पाहा. वाकडी, बोथट सुई वापरण्यात कसली काटकसर? जाड गोधडीला १६ किंवा १८ नंबरची सुई लावा. शिवाय गोधडी टेबलावरून खाली लोंबू देऊ नका. तिच्या वजनाने टाके ओढले जातात. बाजूला एखादे स्टूल ठेवा.

एवढे करूनही फासे राहिले, तरच वरचा ताण फिरवा. उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल. थोडेथोडेच फिरवायचे आणि दर वेळी तुकड्यावर पाहायचे. त्यावर आकडे असले, तर ज्या आकड्यावर टीप नीट आली तो वहीत लिहून ठेवा. पुढच्या गोधडीला कामी येतो.

बॉबिन सर्वांत शेवटी. डबीत बॉबिन घालून ती दोऱ्याला लोंबती धरा. आपोआप घसरू नये. हाताला हलका झटका दिला, की थोडी खाली यावी. सरळ खाली आली तर सैल, मुळीच हलली नाही तर घट्ट. स्क्रू पाव फेऱ्याहून कमी फिरवा. हे काम पांढरे फडके पसरून त्यावर करा. तो स्क्रू फार बारीक असतो. जमिनीवर पडला तर सापडत नाही.