तांब्याच्या तारेचे भवितव्य

संगणकांना जोडणाऱ्या जाळ्यात माहिती मुख्यतः दोन प्रकारच्या केबलींमधून वाहते. तांब्याच्या तारेतून ती विद्युत संकेतांच्या रूपाने जाते, तर काचेच्या प्रकाशतंतूतून प्रकाशाच्या रूपाने. जाळ्यांचा वेग वाढू लागला, तसे ‘तांब्याचे दिवस भरले’ असे भाकीत वारंवार केले गेले. ते कितपत खरे ठरले, हे आपण या पाठात पाहू.

जाळ्याच्या केबलमध्ये तांब्याच्या तारांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. त्यामुळे बाहेरचा विद्युत अडथळा दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि तो वजा करता येतो. या युक्तीचे पेटंट टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये मिळवले होते.

याच युक्तीच्या बळावर इथरनेट जाळ्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिटवरून (१९९०) १०० मेगाबिट (१९९५), १ गिगाबिट (१९९९) आणि १० गिगाबिट (२००६) असा वाढत गेला. या सर्व मानकांत केबलची लांबी १०० मीटरपर्यंत ठेवता येत होती. २०१६ मध्ये ४० गिगाबिटचे मानक आले, तेव्हा मात्र ही मर्यादा ३० मीटरवर आली. संकेताची वारंवारिता जितकी जास्त, तितका तो तारेत लवकर क्षीण होतो, हे त्याचे कारण. प्रकाशतंतूत ही क्षीणता फारच कमी असते. म्हणूनच शहरांना व देशांना जोडणारे मार्ग, तसेच ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचणारे भारतनेटचे जाळे, प्रामुख्याने प्रकाशतंतूंचे आहे.

मग तांबे कोठे टिकून आहे? डेटा सेंटरमध्ये शेजारशेजारची यंत्रे जोडण्यासाठी दोन-तीन मीटरची तांब्याची केबल स्वस्त पडते. विद्युत संकेताचे प्रकाशात रूपांतर करावे लागत नसल्याने वीजही वाचते. शिवाय त्याच केबलमधून यंत्राला वीज पुरवता येते. २००३ च्या मानकात ही मर्यादा सुमारे १५ वॅट होती. २०१८ मध्ये ती ९० वॅटपर्यंत गेली. काचेला हे साधत नाही.

तात्पर्य, तांब्याचे अंतर आखडले, पण उपयोग संपला नाही. भिंतीत घातलेली केबल वर्षानुवर्षे तेथेच राहते. निवड चुकली, तर भिंत फोडावी लागते आणि खर्च दुप्पट होतो. म्हणून अंतर किती, वेग किती आणि वीज हवी की नको, हे तीन प्रश्न केबल विकत घेण्यापूर्वीच विचारावेत.

पाठगत प्रश्न
एका इमारतीतील जाळे ४०० मीटर दूरच्या इमारतीत न्यायचे आहे. तेथे छताला कॅमेरे बसवायचे आहेत. कोठे कोणती केबल वापराल? सकारण लिहा.