निशिकासाईत राहायला येणाऱ्यांना

टोकियोला बदली झाली की ठाण्या-पुण्याहून ओळखीपाळखीतून फोन येतात. पगार, थंडी, भूकंप हे प्रश्न नंतर. आधी विचारतात, "तिकडे आपली माणसं कुठे राहतात?" उत्तर ठरलेलं आहे: निशिकासाई. तोझाई लाइनवर बसलं की पंधरा-वीस मिनिटांत ओतेमाचीची ऑफिसं येतात. वाय-टू-के च्या काळात सॉफ्टवेअरवाले आले ते इथेच राहिले, कारण इथल्या 'यूआर' या सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत जामीनदार लागत नाही, घरमालकाला परत न मिळणारा 'की मनी' द्यावा लागत नाही आणि परदेशी म्हणून कुणी नकारही देत नाही. मग वाणसामानाची दुकानं आली, २००४ पासून टोकियोत भारतीय शाळा निघाल्या. आज स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तरी मराठी कानावर पडतं.

मी प्रत्येकाला सांगते, या, इथेच घर घ्या. परदेशात गेलात तर आपल्या लोकांपासून चार हात लांब राहा, असा सल्ला देणारे बरेच भेटतात. मला तो पटत नाही. माझं बाळंतपण याच वस्तीत झालं. आईचा व्हिसा लांबला होता. वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या काकू रोज सकाळी यायच्या, न्हाणीघरात लाकडी पाटावर पाय पसरून बसायच्या, बाळाला पालथं पायांवर घेऊन अशा सराईतपणे न्हाऊ घालायच्या की रडणारं पोर टाळूवर पाणी पडताच गप्प व्हायचं. कुणी आळिवाची खीर आणली, कुणी डिंकाचे लाडू. जपानी दवाखाना उत्तम होता, पण बाळंतिणीच्या पाठीला शेक द्यायला तिथून कुणी घरी येत नाही. ही माया ज्याला मिळते त्याने ती टाळू नये.

पण याच वस्तीत मी ११ मार्च २०११ चा भूकंपसुद्धा पाहिला आहे, आणि तेव्हापासून माझ्या सल्ल्याला दुसरा भाग जोडला गेला.

दुपारी पावणेतीनला जमीन हलू लागली ती थांबेना. गाड्या बंद पडल्या, फोन लागेनात. ऑफिसला गेलेली माणसं रात्री उशिरा चालत घरी पोचली. आमच्या इमारतीत पडझड काही झाली नाही, फक्त गॅस गेला. मी शेजारी विचारलं, त्यांचाही गेलेला. वरच्या मजल्यावर, पलीकडच्या इमारतीत, सगळ्या आपल्या घरांत तेच. शहराचा गॅस बंद झालाय, आठवडाभर येणार नाही, असं आम्ही ठरवूनच टाकलं. मार्चची थंडी, घरात तान्हं बाळ, दूध गरम करायला विजेची किटली तेवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरच्या जपानी आजी बाळाची चौकशी करायला आल्या. कचरा टाकताना मान लवायची, एवढीच आमची ओळख. मी शेगडीकडे बोट दाखवून हात हलवले. त्या मला दाराबाहेर घेऊन गेल्या आणि भिंतीतलं पत्र्याचं कपाट उघडलं. आत गॅसचं मीटर, त्यावर तांबडा दिवा लुकलुकत होता. आजींनी एक टोपण फिरवून काढलं, आतलं बटण दाबलं, घड्याळाकडे बघत तीन बोटं दाखवली. तीन मिनिटांनी दिवा विझला. घरात जाऊन शेगडी लावली, लागली. मोठा धक्का बसला की हे मीटर आपोआप गॅस तोडतं. तो पुन्हा सुरू कसा करायचा हे इथल्या आजी-आजोबांनाही ठाऊक असतं. आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आम्ही डझनभर घरांना विचारलं होतं आणि डझनभर घरांनी एकच चुकीचं उत्तर दिलं होतं, कारण आम्ही सगळे एकाच वाटेने, एकाच सुमारास, एकाच प्रकारच्या नोकरीवर आलेलो. माणसं पुष्कळ होती, पण त्या सगळ्यांची मिळून माहिती एका माणसाएवढीच होती.

पुढचे दिवस याहून कठीण गेले. फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांच्या बातम्या सुरू झाल्या आणि मेलवर मेल येऊ लागले. चिबातल्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आगीमुळे विषारी पाऊस पडणार. गुळण्या करायचं आयोडीनचं औषध प्या म्हणजे किरणोत्सर्ग बाधत नाही. या अफवा आपल्या लोकांनी काढल्या नव्हत्या, जपानी माणसांतही त्या तशाच फिरत होत्या. फरक असा की तेल कंपनीने आणि जवळच्या नगरपालिकेने लगेच खुलासा केला, आणि ते औषध पिऊ नका, अपाय होईल, असं किरणोत्सर्गावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने १४ मार्चलाच बजावलं. हे सगळं जपानीत. अफवा इंग्रजी-हिंदी-मराठीत उतरून आमच्यापर्यंत आली, खुलासा आलाच नाही. ते औषध घरात आणून ठेवलेली कुटुंबं मला माहीत आहेत.

मग इमारत रिकामी होऊ लागली. एक कुटुंब निघालं की त्याच्या फोनवरून दुसरं निघायचं. नागपूरच्या काकूही गेल्या. मी कुणालाच दोष देत नाही, लेकराबाळांना घेऊन त्या परिस्थितीत कुणीही हेच केलं असतं. आम्हाला निघणं शक्य नव्हतं. आठवड्याच्या आत आमच्या मजल्यावर दिवा लागणारं आपलं एकही घर उरलं नाही. २३ मार्चला टोकियो महानगराने जाहीर केलं की एक वर्षाखालच्या बाळांना नळाचं पाणी देऊ नका. पाण्यात आयोडीन-१३१ चं प्रमाण किलोमागे २१० बेकरेल सापडलं होतं, बाळांसाठी मर्यादा १०० ची. दुकानांत पाण्याची बाटली नाही. हे मला कुणी सांगितलं? पुन्हा त्याच आजींनी, कागदावर आकडा लिहून. सरकारकडून बाळामागे ५५० मिलिलिटरच्या तीन बाटल्या मिळणार, हेही त्यांनीच सांगितलं आणि रांगेत माझ्यासोबत त्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी प्रमाण मर्यादेखाली आलं.

माझं सगळं पुढचं सांगणं यावर उभं आहे. आपल्या माणसांत राहा, पण सगळी नाती एकाच वस्तीत गुंतवू नका. घाबरायची वेळ आली की एकसारखी माणसं एकदमच घाबरतात आणि एकदमच निघून जातात.

आणि हे संकटापुरतं नाही. ओळखीतलं एक कुटुंब २०१८ मध्ये पुण्याला परतलं. पेन्शनचे हप्ते नऊ वर्षांहून थोडे जास्त भरलेले. वस्तीतली मंडळी म्हणाली, इथे पंचवीस वर्षं भरल्याशिवाय काही मिळत नाही, एकरकमी काढून घ्या. त्यांनी काढून घेतले. खरं तर पंचवीस वर्षांची अट ऑगस्ट २०१७ मध्येच दहावर आली होती. एकरकमी परतावा तेव्हा फार तर ३६ महिन्यांच्या हिशेबाने मिळायचा (आता मर्यादा ६० महिन्यांची आहे), आणि तो घेतला की आधी भरलेली सगळी वर्षं खात्यातून पुसली जातात. दोन्ही देशांत भरलेली वर्षं एकत्र धरू देणारा भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्याचं तर कुणी नावही काढलं नव्हतं. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांना तो त्यांच्या आधीच्यांनी दिला होता, इतकंच.

म्हणून मसाला कुठे मिळतो, पोळ्यांचं पीठ कुठलं चांगलं, ताप आला तर इंग्रजी बोलणारा डॉक्टर कोण, हे खुशाल आपल्या माणसांना विचारा. पेन्शन, कर, व्हिसा, मुलांची शाळा आणि आपत्ती यांबद्दल ऐका सगळ्यांचं, पण निर्णय पेन्शन कार्यालयात, इमिग्रेशनला किंवा वॉर्ड ऑफिसात स्वतः विचारूनच घ्या. पैशाचा व्यवहार आपलाच माणूस आहे म्हणून तोंडी करू नका. यापलीकडे त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

जपानी माणसाशी ओळख होत नाही ही तक्रार मी फार ऐकते. घरी चहाला बोलावून ती होत नाही हे खरं. एकत्र काम केलं की होते. घर बदलल्यावर १४ दिवसांत पत्ता नोंदवायला वॉर्ड ऑफिसात जावंच लागतं, तिथेच स्वयंसेवकांच्या जपानी वर्गांची चौकशी करा. शिकवणारे बहुधा निवृत्त शिक्षक आणि गृहिणी असतात, आणि भाषेपेक्षा त्या ओळखी मोलाच्या ठरतात. इमारतीच्या रहिवासी मंडळाची वर्गणी भरा. १ सप्टेंबर हा १९२३ च्या कांतो भूकंपाचा दिवस, त्याच्या आसपास आपत्तीची कवायत असते. धुराने भरलेल्या तंबूतून नाकाला रुमाल लावून वाकत जायचं, आग विझवायचं, सरावासाठी पाणी भरलेलं नळकांडं चालवून बघायचं. मुलांना घेऊन जा. निशिकासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली आहे. इथे राहणाऱ्याला पुराचा नकाशा पाठ हवा, आणि तो शेजाऱ्यांसोबत समजून घेतला तर लक्षात राहतो. गणपतीत मोदक द्यायचे तर दोनच द्या. मोठा डबा दिला की परतफेडीचं ओझं त्यांना वाटतं आणि ओळख तिथेच अवघडते.

याच वॉर्डातून महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये वॉर्ड सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकीतल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. तुम्ही निवडणूक लढवावी असं नाही, पण वस्तीचं दार बाहेरच्या बाजूलाही उघडतं एवढं त्यावरून कळतं.

नवऱ्यासोबत डिपेंडंट व्हिसावर येणाऱ्या मैत्रिणींना वेगळं सांगायचं आहे, कारण नवऱ्याला निदान ऑफिस असतं. तुमचा दिवस इमारतीतच सुरू होतो आणि तिथेच मावळतो. तुम्हाला आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करायची परवानगी मिळू शकते. मी पाळणाघराच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरायचं काम धरलं तेव्हा जपानीत माझी जीभ खऱ्या अर्थाने सुटली, आणि मूल आजारी पडलं की फोन करावा अशा दोघी तिथेच मिळाल्या. अर्ज इमिग्रेशन कार्यालयात करायचा असतो, त्याला फी नाही. पहिल्याच महिन्यात करून टाका.