विकिपीडियाच्या गावात

परक्या गावात गेल्यावर माणूस काय करतो? वेशीपाशी थांबतो. कोणाला तरी घर विचारतो. मग पार, विहीर, देऊळ अशा खुणा पाहत पुढे जातो. मोबाइलवर विकिपीडिया वाचायचा तोही असाच. खुणा कळल्या की वाट चुकत नाही.

विकिपीडिया हा एक ज्ञानकोश आहे. ज्ञानकोश म्हणजे अनेक विषयांची माहिती एका ठिकाणी देणारा ग्रंथ. मराठीत असा मोठा ज्ञानकोश डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केला. त्यांचे शाळेतले शिक्षण आपल्या अमरावतीला झाले. त्यांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड आहेत. ते ठेवायला कपाट लागते. विकिपीडिया मात्र खिशातल्या मोबाइलवर वाचता येतो.

विकिपीडिया २००१ साली इंग्रजीत सुरू झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. ‘विकी’ हा शब्द हवाई बेटांच्या भाषेतला आहे. त्याचा अर्थ झटपट. या पानांवर झटपट लिहिता येते आणि चूक दिसली तर झटपट सुधारताही येते, म्हणून हे नाव.

आता कोणी विचारील, “गुरुजी, फुकट लिवते तरी कोन हे?” प्रश्न चांगला आहे. हे सरकार लिहीत नाही. कोणी एक पंडितही लिहीत नाही. तुमच्या-आमच्यासारखे लोक लिहितात. कोणी शिक्षक, कोणी विद्यार्थी, कोणी नोकरदार. श्रमदानाने गावाचा बंधारा बांधतात ना, तसेच हे काम. वाचणाऱ्याला पैसे पडत नाहीत. मोबाइलचे इंटरनेट तेवढे खर्च होते.

चला, आता गावात शिरू.

वेस. पहिल्या पानाला ‘मुखपृष्ठ’ म्हणतात. ही गावाची वेस समजा. कुठेही भटकलात तरी मुखपृष्ठावर परत येता येते.

घर विचारणे. पानाच्या वरच्या बाजूला भिंगाचे चित्र असते. त्यावर बोट ठेवा. तेथे हवे ते नाव लिहा. नाव पुरते लिहावे. नुसते ‘चांदूर’ लिहिले तर कोणते चांदूर? एकट्या अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आहे आणि चांदूर रेल्वेही आहे. दोन्ही तालुक्याची गावे! कारंजाचे तसेच. एक कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, दुसरे कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात. नाव सापडले नाही तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहा.

पांदण. पानावर काही शब्द निळे दिसतात. निळा शब्द म्हणजे दुसऱ्या पानाकडे जाणारी पांदण. त्यावर बोट ठेवले की ते पान उघडते. समजा, गाडगेबाबांचे पान वाचत आहात. तेथे ‘अमरावती’ हा शब्द निळा असला, तर त्यावरून अमरावतीच्या पानावर जाता येईल. परत यायचे तर मोबाइलचे मागे जाण्याचे बटण दाबा. शब्द लाल असेल तर समजावे, या नावाचे पान अजून कोणी लिहिलेले नाही. जागा आहे, घर बांधायचे आहे.

साक्ष. वाक्याच्या शेवटी बारीक आकडा असतो. ही सर्वांत मोलाची खूण. ही माहिती कोठून घेतली, ते या आकड्यावर बोट ठेवले म्हणजे कळते. पुस्तक असेल, वर्तमानपत्र असेल, सरकारी अहवाल असेल. आकडा नसेल तर समजावे, साक्षीदार नाही. अशी गोष्ट लगेच खरी मानू नये, खोटीही म्हणू नये. दुसरीकडे पडताळून पाहावी. मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर वाचायला मिळतो. तो जाणकारांकडून लिहवून घेतलेला आहे. दोन्हीकडे एकच गोष्ट सापडली तर भरवसा वाढतो.

जुनी वही. प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कोणी, कोणत्या दिवशी, काय बदलले, ते त्यात राहते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या पुस्तकात वाशीम अकोला जिल्ह्यातच दिसेल. ते पुस्तक खोटे नव्हते, काळ पुढे गेला. छापील पुस्तक सुधारायला नवी आवृत्ती काढावी लागते. विकिपीडियाचे पान त्याच दिवशी सुधारता येते. पण सुधारणारा येतो तसा बिघडवणाराही येतो. एखादा खोडसाळ काहीही लिहून जातो. मग जाणते लोक इतिहास पाहतात आणि आधीचा मजकूर परत आणतात.

चावडी. लेखाबद्दल शंका असेल तर ‘चर्चा’ या पानावर विचारावी. सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाला मराठी विकिपीडियात ‘चावडी’ असेच नाव आहे. आणि लिहिण्याचा सराव करायचा तर ‘धूळपाटी’ आहे. पूर्वी पाटीवर धूळ पसरून मुले बोटाने अक्षरे गिरवीत. येथेही तसेच. चुकले तरी कोणाचे नुकसान होत नाही.

मंडळी, एक गोष्ट मनात पक्की धरा. अंगठा उठवण्याच्या दिवसांत कागदावर काय आहे, ते दुसरा सांगे. तो सांगेल तेच आपण खरे धरायचो. आता वाचता येऊ लागले. पण लिहिलेले सगळेच खरे मानले, तर अंगठा सुटला तरी परावलंबन सुटले नाही. “हे कोण म्हणतो? कशावरून म्हणतो?” असे जो विचारतो तो खरा साक्षर. म्हणून औषधाचे प्रमाण डॉक्टरांना विचारा. पऱ्हाटीवर काय फवारावे, ते सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला विचारा. नुसते पान वाचून विषाची बाटली उघडू नका.

कोणी म्हणेल, “आमच्या गावाचं त काईच नाई यात!” नसेल तर कोणी लिहायचे? परगावचा माणूस तुमच्या गावाबद्दल किती लिहिणार? तुम्ही लिहा. पण तेथला नियम पाळा. जे लिहाल त्याला छापील आधार द्या. जिल्ह्याचे गॅझेटियर पाहा, जनगणनेचे आकडे पाहा. आजोबांनी सांगितलेली हकीकत खरी असेल, पण आधाराशिवाय ती तेथे टिकत नाही. म्हणून ती वाया घालवू नका. आधी वहीत उतरवून ठेवा. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेत छापा. जे लिहून राहिले नाही, ते सांगणाऱ्या माणसाबरोबर जाते. गावातली भांडणे आणि कोणाच्या घरची गोष्ट मात्र लिहू नये.

करून पाहा
१. आपल्या तालुक्याचे पान शोधा.
२. त्यातील तीन निळे शब्द उघडा आणि परत या.
३. आकडा नसलेले एक वाक्य शोधा. ते खरे आहे का, हे कोठे पडताळाल?
४. गावातील एका वृद्ध माणसाला गावाची जुनी हकीकत विचारा. ती तारीख घालून वहीत लिहा.