चेहऱ्यावरील चिवट लाली : रोझेशिया

भाईंदर-उत्तन मार्गावरील मोरवा हे मिठागरांच्या परिसरातील गाव. उन्हात राबणाऱ्याचा चेहरा लाल दिसला, तर तो उन्हाचाच परिणाम मानला जाणे स्वाभाविक आहे. मात्र गाल, नाक, कपाळ वा हनुवटीवरील लाली महिनोन्महिने टिकली, आग होऊ लागली, पुटकुळ्या उठल्या, तर तो रोझेशिया असू शकतो. हा दीर्घकालीन विकार संसर्गजन्य नाही. अस्वच्छतेमुळेही होत नाही. लाल नाकामुळे निर्व्यसनी माणसावरही मद्यपानाचा संशय घेतला जातो. सावळ्या वर्णावर लाली लपते, म्हणून रुग्ण सांगतो ती जळजळ महत्त्वाची.

खरा धोका परस्पर उपचारांत आहे. स्टेरॉइडयुक्त मलमाने प्रारंभी लाली ओसरते. ते थांबविताच अधिक जोराने उसळते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकाराच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड मलमे वापरत असल्याचे आढळले. २०१८ साली केंद्र शासनाने अशा १४ औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली.

रोझेशिया समूळ जात नाही, परंतु आटोक्यात राहतो. उन्हापासून चेहरा जपावा, सौम्य साबण वापरावा. कढत चहा, तिखट, मद्य, चुलीची धग यांपैकी काय बाधते, ते टिपून ठेवावे. मेट्रोनिडाझोल, आयव्हरमेक्टिनची मलमे वा डॉक्सिसायक्लिन वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे. डोळे खुपत असल्यास नेत्रतपासणी आवश्यक.

कुटुंबीयांनी संकोच न बाळगता रुग्णास त्वचारोगतज्ज्ञांकडे आणावे. वापरात असलेले मलमही सोबत आणावे, ही नम्र विनंती.