प्रकाशाची सरळ वाट

बंगळूर शहरातील गवीपुरम् येथे कातळात कोरलेले गवी गंगाधरेश्वराचे गुहामंदिर आहे. दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सायंकाळी तेथे मोठी गर्दी जमते. मावळतीकडे झुकलेल्या सूर्याचे किरण कमानीतून आत शिरतात, नंदीच्या दोन शिंगांमधून पुढे जातात आणि गाभाऱ्यातील शिवलिंगावर पडतात. थोडा वेळ अंधारी गुहा उजळून निघते. मग तो उजेड सरकून नाहीसा होतो. हे दृश्य पाहणाऱ्याच्या मनात श्रद्धेबरोबर एक प्रश्नही उभा राहतो. हे याच दिवसांत का घडते? आणि वर्षातून एकदाच घडते काय? या प्रश्नांची उत्तरे शाळेच्या वर्गात, तीन पुठ्ठे व एक मेणबत्ती यांच्या साह्याने शोधता येतात.

पहिला प्रयोग : तीन पुठ्ठे

पोस्टकार्डाएवढे तीन पुठ्ठे एकावर एक ठेवून त्यांच्या मधोमध दाभणाने आरपार छिद्र पाडावे. मग ते लाकडी ठोकळ्यांना टाचून वीत वीत अंतराने उभे करावेत. तिन्ही छिद्रांतून दोरा ओवून ताणावा. तो कोठेही न वाकता गेला, म्हणजे छिद्रे एका रेषेत आली असे समजावे. दोरा अलगद काढून घेऊन एका टोकाला पेटती मेणबत्ती ठेवावी. दुसऱ्या टोकाकडून छिद्रातून पाहिल्यास ज्योत स्पष्ट दिसते. आता मधला पुठ्ठा बोटभर बाजूला सरकवावा. ज्योत तत्क्षणी दिसेनाशी होते. प्रकाशाला वळसा घालून जाता आले असते, तर ती दिसतच राहिली असती. यावरून प्रकाश सरळ रेषेत जातो, असे अनुमान निघते.

गुहामंदिरात हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर घडतो. कमान हा पहिला पुठ्ठा आणि नंदीची शिंगे हा दुसरा. हे दोन्ही स्थिर आहेत. बदलते ते सूर्याचे आकाशातील स्थान. विषुवदिनी सूर्य ठीक पश्चिमेस मावळतो, तर संक्रांतीच्या सुमारास बंगळुरात तो पश्चिमेपासून दक्षिणेकडे सुमारे 22 अंशांवर मावळतो. तेव्हाच कमान, शिंगे व शिवलिंग ही त्याच्याशी एका रेषेत येतात.

परंतु सूर्य दक्षिणेची सीमा 21 किंवा 22 डिसेंबरला गाठून मागे वळतो. म्हणजे जानेवारीच्या मध्यास परतताना तो जेथे मावळतो, तेथेच तो नोव्हेंबरच्या अखेरीस, दक्षिणेकडे जाताना, मावळलेला असतो. तेव्हा त्या दिवसांतही किरण गुहेत यावयास हवेत. आणि ते खरोखरच येतात. मात्र त्या वेळी सण नसल्यामुळे संक्रांतीसारखी गर्दी नसते. नियम नीट समजला, म्हणजे न पाहिलेली गोष्टही आधी सांगता येते, ती अशी.

दुसरा प्रयोग : अंधारी पेटी

बुटाच्या खोक्याच्या एका बाजूस सुईने बारीक छिद्र पाडावे व समोरची बाजू कापून तेथे तेल लावलेला पातळ कागद चिकटवावा. अंधाऱ्या खोलीत छिद्रासमोर मेणबत्ती धरली असता कागदावर ज्योतीची उलटी प्रतिमा दिसते. ज्योतीच्या टोकाकडून निघालेला किरण छिद्रातून सरळ खाली जातो आणि बुडाकडून निघालेला वर जातो, म्हणून असे होते. दोन मेणबत्त्या ठेवल्यास दोन प्रतिमा उमटतात. एक झाकली की तिचीच प्रतिमा जाते, दुसरीस काही होत नाही. एकाच छिद्रातून जाणारे किरण परस्परांस अडवीत नाहीत. अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न अल्-हैथम या विद्वानाने अनेक दिव्यांच्या साह्याने हेच दाखविले होते.

छपराच्या फटीतून येणारा कवडसा फट वेडीवाकडी असूनही गोल का दिसतो, हेही आता कळेल. तो कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमाच होय. बंगळूरच्या कब्बन पार्कमध्ये झाडांखाली असे असंख्य कवडसे पडतात. ग्रहणकाळी ते चंद्रकोरीसारखे होतात. 26 डिसेंबर 2019 रोजी बंगळुरात खंडग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा असाच योग आला होता. सुईच्या छिद्रातून आलेला सूर्याचा कवडसा दोन मीटर अंतरावरील कागदावर घ्यावा व मोजावा. त्याचा व्यास सुमारे 19 मिलिमीटर भरतो. सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे. त्याच प्रमाणात हिशेब केल्यास त्याचा व्यास सुमारे 14 लाख किलोमीटर येतो. छिद्रातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नये. डोळ्यांस कायमची इजा होते. नेहमी कागदावरील प्रतिमाच पाहावी.

तिसरा प्रयोग : दुधाचे थेंब

काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन अंधारात त्यातून विजेरीचा बारीक झोत सोडावा. बाजूने पाहिल्यास झोताची वाट जेमतेम दिसते. पाण्यात दुधाचे दोन थेंब घालून ढवळताच ती उजळ रेषेसारखी दिसू लागते. दूध वाढवीत गेल्यास रेषा विरघळून सारे पाणीच धूसर उजेडाने भरते. दुधातील सूक्ष्म कण प्रकाश चोहोकडे विखुरतात. ढगांतील जलकणही तेच करतात. म्हणून संक्रांतीस आकाश अभ्राच्छादित असले, तर शिवलिंगावर किरण पडत नाहीत.

विखुरलेल्या प्रकाशाच्या याच अभ्यासातून सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा शोध लागला. कलकत्त्यातील त्यांच्या आरंभीच्या निरीक्षणांत सूर्यप्रकाश, रंगीत काचा व द्रव पदार्थ एवढीच मुख्य सामग्री होती. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशाच्या अल्प अंशाचा रंग बदलतो, हे 28 फेब्रुवारी 1928 रोजी त्यांच्या शोधाने सिद्ध झाले. 1933 मध्ये ते बंगळुरास आले आणि 1970 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांसाठी काम

राष्ट्रीय विज्ञान दिनी, म्हणजे 28 फेब्रुवारीस, वर्गाच्या खिडकीत छिद्राचा पुठ्ठा घट्ट बसवावा आणि जमिनीवर सरकणाऱ्या कवडशाचा मार्ग दिवसभर रंगाने आखावा. दुसऱ्या दिवसापासून कवडसा त्या रेषेवरून ढळू लागेल. तो पुन्हा त्याच रेषेवर कधी येईल, याचे उत्तर आधी वहीत लिहून ठेवावे. ऑक्टोबरच्या मध्यास ते पडताळून पाहता येईल.